डॉक्टरांच्या हातातील लेखणी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



दहावीच्या वर्गात मी दरवर्षी विचारतो, "पुढे कोण होणार?" निम्मे हात डॉक्टरसाठी वर होतात. "कशासाठी?" असे विचारले की हळूहळू खाली येतात. त्या 'कशासाठी'चे उत्तर शोधावे म्हणून आज मी एका डॉक्टर कादंबरीकाराची ओळख करून देणार आहे. त्यांचे नाव डॉ. अरुण गद्रे.

डॉक्टरकी करता करता साहित्यिक झालेली माणसे जगात थोडी नाहीत. रशियाचे चेखव्ह डॉक्टर होते. इंग्लंडचे सॉमरसेट मॉम 1897 साली डॉक्टर झाले, त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी निघाली आणि दवाखाना कायमचा सुटला. स्कॉटलंडचे ए. जे. क्रोनिन वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांचे डॉक्टर होते. 1930 साली पोटाच्या अल्सरमुळे सक्तीची विश्रांती घ्यावी लागली, तेव्हा त्यांनी लेखणी उचलली. 1937 साली आलेल्या त्यांच्या 'द सिटाडेल' या कादंबरीने पैशामागे धावणाऱ्या वैद्यकीय धंद्यावर बोट ठेवले. देव आनंद यांचा 1971 चा 'तेरे मेरे सपने' आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो याच कादंबरीवर आधारलेला आहे.

मॉम आणि क्रोनिन लेखक झाल्यावर दवाखान्यातून बाहेर पडले. डॉ. गद्रे यांचे तसे झाले नाही, आणि मला त्यांचे महत्त्व इथेच वाटते. ते स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ, पत्नी डॉ. ज्योती भूलतज्ज्ञ. अशा जोडप्याला मोठ्या शहरात काय कमी होते? पण 1980 च्या दशकात ते आले आपल्या मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्यातल्या किनवटला. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगाच पुढे किनवटला जाते. जंगलाचा मुलूख, गोंड, आंध, कोलामांची वस्ती. त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी 'किनवटचे दिवस' या पुस्तकात लिहिल्या आहेत. पुढे नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली आणि तिच्याच जोडीने कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांची 'एक होता फेंगाड्या' ही कादंबरी मुलांनी अवश्य वाचावी. काळ अश्मयुगाचा. जो जायबंदी होईल त्याला मागे टाकून टोळीने पुढे जायचे, हा रिवाज. फेंगाड्या जखमी माणसाला टाकून जात नाही, त्याला सांभाळतो. एवढीशी गोष्ट, पण माणूस जनावरापासून वेगळा कुठे झाला ते ती सांगते. पहिला दवाखाना विटामातीचा नव्हता, तो एका माणसाच्या मनात उभा राहिला, असे ती वाचताना मला वाटले.

पुढे डॉ. गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी 78 डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. अनावश्यक तपासण्या, अनावश्यक शस्त्रक्रिया, रुग्ण पाठवल्याबद्दल घेतले जाणारे कमिशन, हे सारे डॉक्टरांनीच सांगितले. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक 2016 साली प्रसिद्ध झाले. याच कामाच्या मराठी पुस्तकाच्या नावात 'कैफियत' हा शब्द आहे. मित्रहो, हा शब्द आपल्या घरातला. उर्दूत कैफियत म्हणजे हालहवाल, तब्येतीची अवस्था. मराठीत कैफियत म्हणजे आपली बाजू मांडणे. मला वाटते, चांगल्या डॉक्टरला दोन्ही अर्थ कळावे लागतात. नाडी एका अर्थाने बोलते, माणूस दुसऱ्या.

इथे घरची एक गोष्ट सांगतो. चौदा वर्षांपूर्वी, मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असताना, माझ्या आपाला बाळंतपणासाठी रात्री टेम्पोतून शहरात नेले. एका खाजगी दवाखान्यात पाच मिनिटांत निर्णय झाला : ऑपरेशन. अब्बांनी कागदावर अंगठा दिला आणि आठ दिवसांत दुभती म्हैस विकली. आपा वाचली, मूल वाचले, खुदाचे आभार. ऑपरेशन आवश्यक होते की नव्हते? मला आजही ठाऊक नाही. कदाचित असेलही, आणि त्या डॉक्टरांमुळेच दोघी वाचल्या असतील. पण आम्हाला कुणी काही सांगितले नाही, काही विचारलेही नाही. अब्बा दाराशी हात जोडून उभेच होते. म्हैस गेल्याचे दुःख ते विसरले, ते उभे राहणे विसरले नाहीत.

म्हणून माझे पालकांना सांगणे आहे. मुलांना जरूर डॉक्टर करा. आपल्या समाजाला, आपल्या तालुक्याला डॉक्टर हवेतच. परंतु विज्ञान-गणिताच्या शिकवणीसाठी कर्ज काढताना गोष्टीचे पुस्तक हातातून हिसकावून घेऊ नका. दुसऱ्याच्या जागी उभे राहायला गोष्ट शिकवते, आणि तो विषय प्रवेशपरीक्षेत नसतो. ज्यांना प्रवेश मिळणार नाही त्यांनीही खाली मान घालू नये. फेंगाड्याकडे कोणती पदवी होती?

त्या रात्री जन्मलेली माझी भाची आज आठवीत आहे. तिलाही डॉक्टर व्हायचे आहे. मी तिला 'किनवटचे दिवस' वाचायला दिले आहे. वाचून झाल्यावर मी तिला तोच प्रश्न विचारणार आहे, "कशासाठी?" तिचा हात खाली येऊ नये, एवढीच इच्छा.