इंग्रजी वाक्यांची रूपांतरे आणि आपले वर्ग
(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात केलेले भाषण)



गावातील एका आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात दाखविले, असे समजा. डॉक्टर परप्रांतीय आहेत, ते इंग्रजीत म्हणाले, "आय विल कम टुमॉरो." सोबत आपल्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा आहे. तो हा निरोप परिचारिकेस इंग्रजीतच सांगतो, "द डॉक्टर सेड दॅट आय विल कम टुमॉरो." मुलगा ज्या अर्थाने बोलला तो अर्थ परिचारिकेपर्यंत पोहोचत नाही. उद्या हा मुलगा येणार आहे, असेच ती समजते. या मुलाला परीक्षेत अप्रत्यक्ष कथनाच्या प्रश्नात चांगले गुण मिळाले असणेही अशक्य नाही. कारण तेथे अवतरणचिन्हांतील वाक्य समोर छापलेले असते आणि नियमांचा तक्ता पाठ असतो. दवाखान्यात यांपैकी काहीच नसते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. प्रयोगबदल, अप्रत्यक्ष कथन आणि वाक्यरूपांतर यांचे नेमके प्रश्न मुलाला पुढे वरच्या इयत्तांत सोडवावे लागतात. परंतु त्यांचा पाया आपल्याच वर्गात पडतो किंवा राहून जातो. म्हणून आज या तिन्हींविषयी बोलावयाचे आहे. मी इंग्रजी वाक्ये उच्चारून दाखवीन. आपण ती फळ्यावर रोमन लिपीतच लिहावीत, हे सांगणे नको.

मुलाला हे विषय अवघड जातात ते बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. त्याच्याजवळ मराठी आहे, आणि ती मराठी कोठे साहाय्य करते व कोठे पाय ओढते हे त्याला कोणी दाखवून दिलेले नसते. हे काम ग्रामीण शाळेतील शिक्षकाइतके चांगले दुसरा कोणी करू शकणार नाही, असे माझे मत आहे. कारण तो मुलाची बोली जाणतो.

प्रथम प्रयोगाकडे वळू. 'ॲक्टिव्ह' म्हणजे कर्तरी आणि 'पॅसिव्ह' म्हणजे कर्मणी, असे आपण सहज सांगून टाकतो. येथेच घोटाळ्यास आरंभ होतो. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. या परंपरेत क्रियापदाचा अन्वय कर्त्याशी आहे की कर्माशी, यावरून प्रयोग ओळखला जातो. 'रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली' येथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीत हेच वाक्य 'राम एट द मँगो' असे होते, आणि ते निखळ 'ॲक्टिव्ह' आहे! हुशार मुलगा मराठी व्याकरणाच्या तासाला एक ऐकतो आणि इंग्रजीच्या तासाला दुसरे. मग दोन्ही तासांवरील त्याचा विश्वास उडतो. तेव्हा वर्गात इंग्रजीपुरते कर्तरी-कर्मणी हे शब्द न वापरणेच बरे. 'करणाऱ्यापासून सुरू होणारे वाक्य' आणि 'ज्यावर क्रिया झाली त्यापासून सुरू होणारे वाक्य' असे सरळ सांगावे.

मग मराठीत तसे वाक्य नाहीच काय? आहे, आणि ते आपल्या टेबलावर दररोज येऊन पडते. 'सर्व मुख्याध्यापकांस कळविण्यात येते की...' कोण कळविते? लिहिलेले नसते. 'माहिती त्वरित सादर करावी, विलंब झाल्यास गंभीर दखल घेतली जाईल.' कोण घेईल? तेही लिहिलेले नसते, पण आपणांस बरोबर समजते. (श्रोत्यांत हशा.) इंग्रजी 'पॅसिव्ह'चे मर्म हेच आहे. करणारा ठाऊक नाही, किंवा सर्वांना ठाऊकच आहे, किंवा त्याचे नाव घ्यावयाचे नाही. अशा वेळी ते वाक्य जन्मास येते. 'माझी सायकल चोरीला गेली' असे आपण म्हणतो, 'चोराने माझी सायकल चोरली' असे म्हणत नाही. इंग्रज अशाच वेळी 'माय बायसिकल वॉज स्टोलन' म्हणतो.

डेन्मार्कचे भाषापंडित ओट्टो येस्पर्सन यांनी १९२४ साली 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात नोंदविले आहे की, इंग्रजी साहित्यातील अशा वाक्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वाक्यांत करणाऱ्याचा उल्लेखच नसतो. आता आपल्या स्वाध्यायपुस्तिका पाहा. त्यांत जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'बाय हिम', 'बाय हर', 'बाय मी' असे शेपूट असते. 'आय लव्ह माय मदर' याचे 'माय मदर इज लव्ड बाय मी' असे रूपांतर मुलाकडून करवून घेतात. व्याकरणदृष्ट्या त्यात दोष नाही. पण आईसमोर उभे राहून असे वाक्य कोणी बोलेल काय? मुलाला अशा पन्नास वाक्यांची सवय लावली, की ही रचना केवळ परीक्षेसाठी जन्मली आहे अशी त्याची समजूत होते, आणि ती समजूत पुढे जात नाही.

याऐवजी गावाची माहिती घ्यावी. 'राइस इज ग्रोन हियर', 'मिल्क इज कलेक्टेड एव्हरी मॉर्निंग', 'द बेल इज रंग ॲट टेन', 'द मील इज कुक्ड इन द स्कूल'. शाळेच्या भिंतीवर बांधकामाचे वर्ष कोरलेले असते. त्यावरून 'अवर स्कूल वॉज बिल्ट इन...' हे वाक्य पुरे करावयास सांगावे. देशावरच्या शाळेत भाताच्या जागी ऊस किंवा ज्वारी येईल, एवढेच. मराठीत आपण 'येथे भात पिकतो', 'घंटा होते' असे म्हणतो, हे त्याच वेळी दाखवून द्यावे. मराठीत जे आपोआप घडल्यासारखे सांगतात ते इंग्रजीत बहुधा या रचनेने सांगतात, हे मुलाच्या ध्यानात एकदा आले म्हणजे 'राइस ग्रोन हियर' असे अर्धवट वाक्य तो लिहीत नाही.

येथे खरी अडचण क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाची आहे. 'वॉज रोट', 'इज ब्रोक' असे लिहिणाऱ्या मुलाला प्रयोगबदल कळला नाही असे नव्हे. त्याला 'रिटन', 'ब्रोकन' येत नाहीत. रोज पाच क्रियापदे, पहिल्या तासाच्या आधी, पाढ्यांसारखी म्हणवून घ्यावीत. पाठांतराची हल्ली पुष्कळ निंदा होते. परंतु अनियमित रूपांना दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

अप्रत्यक्ष कथनाचा विषय अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घेतो. आरंभी सांगितलेल्या मुलाने चूक का केली? त्याने मराठी अगदी बरोबर वापरली म्हणून! 'डॉक्टर म्हणाले की, मी उद्या येतो' हे उत्तम मराठी आहे. आपल्या भाषेत निरोप सांगताना मूळ बोलणाऱ्याचा 'मी' तसाच राहतो, त्याचा काळही तसाच राहतो. ऐकणारा संदर्भाने जाणतो. इंग्रजीत निरोप सांगणारा सर्व वाक्य स्वतःच्या जागेवरून पाहतो. 'मी' म्हणजे आता सांगणारा, 'तू' म्हणजे आता ऐकणारा. बाकीचे सगळे 'तो', 'ती', 'ते'. हा दृष्टीतील फरक आहे. 'प्रथम पुरुष कर्त्याप्रमाणे, द्वितीय पुरुष कर्माप्रमाणे' हे सूत्र घोकून तो कळत नाही. तो अंगाने कळावा लागतो.

त्यासाठी तीन मुलांना पुढे बोलवावे. गंगूने सखारामास सांगावे, "यू आर लेट." मग गुरुजींनी सखारामास विचारावे, गंगू काय म्हणते? त्याने सांगावे, "गंगू सेज आय ॲम लेट." तोच प्रश्न तिसऱ्यास, यशवंतास, विचारावा. तो म्हणेल, "गंगू सेज ही इज लेट." शेवटी गंगूकडे वळून यशवंताला सखारामाशी बोलावयास लावावे, "गंगू सेज यू आर लेट." एकच वाक्य, पण तोंड बदलले व कान बदलला की सर्वनाम बदलते. हे सर्व वर्गासमोर दहा मिनिटांत होते. खेड्यातील मूल दिवसभर निरोपच पोहोचवीत असते, तेव्हा हा खेळ त्याला परका वाटत नाही.

या उदाहरणांत मी मुद्दाम 'सेज' घेतले आहे, 'सेड' नव्हे. 'सेज' असताना काळ बदलत नाही. केवळ सर्वनाम बदलते. दोन अडचणी एकाच वेळी मुलाच्या डोक्यावर ठेवू नयेत. सर्वनाम पक्के झाले की पुढील आठवड्यात 'सेड' आणावे, आणि मग 'ॲम'चे 'वॉज', 'विल'चे 'वुड' शिकवावे. त्याच वेळी 'सेड मी' ही चूकही पकडावी. 'मला म्हणाला' यावरून मुले 'ही सेड मी' लिहितात. 'ही टोल्ड मी' किंवा 'ही सेड टु मी' हवे.

कालवाचक शब्दांच्या तक्त्याविषयी एक इशारा. 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे' करावे असे पुस्तकात असते. पण निरोप त्याच दिवशी सांगितला तर उद्या हा उद्याच असतो! दवाखान्यातील मुलाने 'द डॉक्टर सेड ही वुड कम टुमॉरो' असे म्हटले असते तर ते शुद्ध ठरले असते. दिवस उलटल्यावर सांगितले तरच 'द नेक्स्ट डे' येते. 'हियर' आणि 'देअर' यांचेही तसेच. परीक्षेत तक्त्याप्रमाणे लिहावे, कारण तेथे निरोप पुष्कळ नंतर सांगितला असे गृहीत असते; परंतु त्यामागील कारण मुलाला सांगून ठेवावे.

आता जेथे मराठी साहाय्य करते ती स्थळे पाहा. 'गुरुजींनी आम्हांला बसायला सांगितले' याचे 'द टीचर टोल्ड अस टु सिट डाउन' होते. 'बसायला' आणि 'टु सिट' यांची जोडी किती सहज जमते! आज्ञार्थी वाक्यांपासूनच या प्रकरणाचा आरंभ का करू नये, हे मला कळत नाही. पुस्तके ती शेवटी ठेवतात. प्रश्नांचेही तसेच आहे. 'व्हेअर आर यू गोइंग?' या प्रश्नात इंग्रज क्रियापद कर्त्याच्या आधी आणतो. मराठीत असा फेर नसल्यामुळे आपली मुले 'व्हेअर यू आर गोइंग?' असे विचारतात आणि आपण त्यांना टोकतो. पण अप्रत्यक्ष कथनात नेमका तोच सरळ क्रम हवा असतो: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.' येथे मुलाला सांगावे, "बाळ, तुझी जुनी सवय येथे चालते." इतके दिवस ज्याबद्दल बोलणी खाल्ली तेच एके ठिकाणी बरोबर आहे, हे ऐकून मागच्या बाकावरील मूलही मान वर करते.

वाक्यरूपांतराविषयी थोडक्यात सांगतो. 'टू... टु' आणि 'सो... दॅट' यांत एकच धोका आहे. 'द टी इज टू हॉट टु ड्रिंक' यात 'नॉट' कोठेही दिसत नाही, तरी चहा पिता येत नाही असा अर्थ आहे. तो नकार 'टू'च्या पोटात दडलेला आहे. दुसऱ्या रचनेत तो उघड करावा लागतो: 'द टी इज सो हॉट दॅट वुई कॅनॉट ड्रिंक इट.' मुले 'कॅन' लिहितात, कारण त्यांनी अर्थ न पाहता शब्द हलविलेले असतात. प्रथम मराठीत विचारावे: चहा प्यायला मिळाला की नाही? 'नाही' असे उत्तर आले की मगच लेखणी उचलू द्यावी.

याच्या उलट प्रकार 'अनलेस' आणि 'अन्टिल' यांचा. 'मी येत नाही तोपर्यंत थांब' हे शुद्ध मराठी आहे. त्याचे मुले 'वेट अन्टिल आय डोन्ट कम' करतात, म्हणजे 'मी न येईपर्यंत थांब'! तसेच 'अनलेस यू डोन्ट स्टडी'. या दोन शब्दांत नकाराचा अर्थ आधीच आलेला असतो. पुन्हा 'नॉट' घालू नये. 'वेट अन्टिल आय कम' हे मराठीत 'मी येईपर्यंत थांब' असे केले म्हणजे शब्दास शब्द जुळतो आणि चूक होत नाही. म्हणून फळ्यावर इंग्रजी लिहिण्यापूर्वी मराठी वाक्य मुलांकडून दोन-तीन तऱ्हांनी बोलवून घ्यावे आणि त्यांतील इंग्रजीला सर्वांत जवळचे कोणते, हे त्यांनाच निवडू द्यावे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या शाळा दोनशिक्षकी आहेत आणि एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, याची मला जाणीव आहे. निरोपाच्या खेळाला गुरुजी जवळ असलेच पाहिजेत असे नाही. सातवीच्या एका मुलीने तीन-तीनांचे गट चालवावेत आणि चुकलेली वाक्ये पाटीवर टिपून ठेवावीत. दुसऱ्या वर्गाचे गणित आटोपले की गुरुजींनी त्या पाट्या पाहाव्यात. पुढच्या दिवशी काय शिकवावयाचे ते त्यांवरच लिहिलेले असेल.