जावा, मेमरी आणि सोळा मिलिसेकंद

जावा भाषेत मेमरी मागून घेता येते; ती नेमकी कधी परत करायची, हे मात्र प्रोग्रामरच्या हाती नसते. ऑब्जेक्टचे काम संपले की त्याची जागा सवडीने मोकळी करण्याचे काम गार्बेज कलेक्टर करतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली भाषा जाहीर केली तेव्हा ही मोठीच सोय होती. सी आणि सी++ मध्ये मेमरी सोडायला विसरणे किंवा तीच जागा दोनदा सोडणे अशा चुकांनी प्रोग्रामर हैराण होत असत. बँका आणि विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जावा रुजली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून खराडीच्या आयटी पार्ककडे निघालेले अनेक जण तीच भाषा शिकून जातात.

गेमचे गणित निराळे असते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. कलेक्टरने त्यातच सगळे काम थांबवले, तर पडद्यावरचा खेळाडू क्षणभर अडखळतो. वाघोलीच्या केसनंद फाट्यावरची वाहतूक ऐन गर्दीत रोखून रस्ता झाडावा, तसे हे होते. बँकेच्या व्यवहारात असा विराम कोणाच्या लक्षातही येत नाही.

तरीही सगळा दोष कलेक्टरवर टाकणे बरोबर नाही. २०२० पासून प्रत्यक्ष वापरासाठी खुल्या झालेल्या झेडजीसी या जावाच्या नव्या कलेक्टरचे विराम मिलिसेकंदाच्या आत राहू शकतात. खरी अडचण मांडणीची आहे. अवकाशातला एक बिंदू म्हणजे तीन फ्लोट (दशांश आकडे), १२ बाइट. सी++ मध्ये असे हजार बिंदू रांगेने, एकाला एक लागून बसतात. जावात प्रत्येक बिंदू स्वतंत्र ऑब्जेक्ट असतो. नेहमीच्या ६४ बिट मशीनवर त्याला १२ बाइटचे शीर्ष जोडले जाते, म्हणजे २४ बाइट. शिवाय त्याच्याकडे बोट दाखवणारे ४ बाइट वेगळे. वर हे ऑब्जेक्ट मेमरीत विखुरलेले असू शकतात, त्यामुळे प्रोसेसरची कॅशे वाया जाते. आकड्यांचे सपाट अॅरे वापरून किंवा जुनेच ऑब्जेक्ट पुन्हा वापरून यातून वाट निघते, पण मग जावाची सहजता उरत नाही.

एके काळी महाराष्ट्रात मोबाइल गेम जावातच होत असत. मुंबईच्या इंडियागेम्सने साध्या फोनसाठी जावा गेम बनवले. नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज ४० फोनवर अख्खा गेम ६४ किलोबाइटांत बसवावा लागे. स्मार्टफोन आले आणि तो बाजार ओसरला.

पुण्याच्या सुपरगेमिंगचा २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ हा गेम युनिटी या गेम इंजिनवर उभा आहे. युनिटीत गेमचे नियम सी# मध्ये लिहितात आणि सी# लाही गार्बेज कलेक्टर आहे. पण त्या भाषेत स्ट्रक्ट, म्हणजे स्वतंत्र ऑब्जेक्ट न बनवता आकडे एकत्र ठेवणारा प्रकार आहे, म्हणून बिंदू रांगेत ठेवता येतात. शिवाय पाठीशी सी++ मध्ये लिहिलेले तयार इंजिन आहे. जावाला यांपैकी काहीच वेळेवर मिळाले नाही. स्ट्रक्टसारखी सोय आणण्यासाठी प्रोजेक्ट व्हॅलहालाचे काम २०१४ पासून चालू आहे. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स यांसारख्या कन्सोलवर गेमसाठी जावाचा अधिकृत मार्गच नाही.

माइनक्राफ्ट हा मोठा अपवाद. २००९ साली तो जावात लिहिला गेला आणि संगणकावर ती आवृत्ती आजही खेळली जाते. फोन आणि कन्सोलवरची बेडरॉक आवृत्ती मात्र सी++ मध्ये वेगळी लिहावी लागली.