लय वादकाची, ट्रॅक तिच्या मागे



 या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून आज मी एकच विषय धरणार आहे, कारण कार्यक्रम संपून वाद्यं आवरताना आपल्या वाद्यवृंदांत वाद होतो तो बहुधा याचाच. आधी रेकॉर्ड करून मंचावर लावलेला ट्रॅक आणि लय. लावणी चढत्या लयीत जावी असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. तरी ट्रॅकवरची लावणी मुखड्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत एकाच चालीने चालते. विचारलं की उत्तर येतं, "ट्रॅक आहे, लय हलवता येत नाही." हे उत्तर मला मान्य नाही. लय हलवता येते. त्यासाठी आधी घाम गाळावा लागतो आणि तो आपण गाळत नाही.

फरक किती बारीक असतो ते पाहा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर चार मिनिटांत ४८० मात्रा होतात. त्याच ४८० मात्रा ढोलकीवाल्याने १२१च्या लयीत वाजवल्या, तर तो जवळजवळ दोन सेकंद आधी पोहोचतो. म्हणजे चार मात्रा, केरव्याचं अर्धं आवर्तन! एवढी लय तर शिट्टी पडली तरी चढते. ती चढू नये म्हणून आपण वादकाच्या कानात मात्रा मोजणारं क्लिक घालतो आणि त्याचे हात बांधतो.

एकेकाळी इलाजच नव्हता. ब्रिटनच्या 'द हू' या बँडने १९७१च्या 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'मधला सिंथेसायझरचा भाग मंचावर टेपवरून वाजवला, तेव्हा ड्रमर कीथ मून कानाला हेडफोन लावून टेपबरहुकूम वाजवत असे. टेप कुणासाठी थांबत नाही. १९८३मध्ये वाद्ययंत्रांना एकमेकांशी जोडणारं मिडी आलं, त्याच्या घड्याळाची दर मात्रेला २४ वेळा होणारी टिकटिक ऐकून यंत्रं एकमेकांची लय पाळू लागली. रेकॉर्ड केलेला आवाज मात्र आपल्यासारख्यांच्या हाताखाली मंचावर लांबू-आखडू लागला, तो २००१मध्ये आलेल्या एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरमुळे.

या लाइव्हमध्ये रेकॉर्डिंगच्या क्लिपचा 'वार्प', म्हणजे सेटच्या लयीनुसार आवाज ताणण्याची सोय, बंद असेल तर ती मूळ वेगानेच वाजते. सेटची लय वाढवा. क्लिक वाढेल, सीक्वेन्स वाढेल, क्लिप जागची हलणार नाही. ढोलकीवाल्याच्या कानात क्लिक एक सांगतं आणि क्लिपमधली व्हायोलिनं दुसरीकडेच चाललेली असतात. बरेचसे घोळ इथले आहेत. वार्प चालू केला की काम संपलं असंही नाही. आवाज कोणत्या पद्धतीने ताणायचा हे निवडावं लागतं. 'री-पिच'मध्ये लय वाढली की सूरही चढतो. १२०ची लय १२६ केली तर काळी चारचा सूर जवळजवळ पांढरी सहावर जातो, गाणारीने काय करायचं? 'कॉम्प्लेक्स'मध्ये सूर जागेवर राहतो, पण ढोलकीच्या चाटेची धार बोथट होते. 'बीट्स' चाट राखतं, पण धुमेची घुमणारी आस मधेच चिरते. म्हणून माझा आग्रह आहे की ऱ्हिदम आणि सुरांची वाद्यं वेगवेगळ्या फायलींत घ्या, प्रत्येकीला तिला मानवेल ती पद्धत लावा. आणि ढोलकी? ती मंचावर बसलेली असताना ट्रॅकमध्ये हवीच कशाला?

आता लय चढवायची कशी? लॅपटॉपवर ९६पासून ११२पर्यंत सरळ रेघ ओढली की झालं असं अनेकांना वाटतं. जाणता ढोलकीवाला असा चढत नाही. ओळ गायली जात असते तेव्हा तो लय धरून ठेवतो, ओळ संपली की तोड्यात रेटतो आणि समेवर पुन्हा बसतो. हा चढ त्याच्याच हातातून काढून घ्यावा लागतो. तालमीत त्याला क्लिकशिवाय, गाणारीबरोबर वाजवू द्या. ते रेकॉर्ड करा. प्रत्येक समेला वार्प मार्कर ठोका. मग लाइव्हच्या 'अरेंजमेंट' पडद्यावर त्या क्लिपला 'टेम्पो लीडर' करा, म्हणजे सेटची लय तिच्या मागे चालते. वार्प केलेले सगळे ट्रॅक आणि क्लिकही त्याच वळणाने जातात. प्रयोगाच्या वेळी वादकाच्या कानात पडतं ते त्याचंच चलन. चढाच्या जागी क्लिक मात्रेऐवजी अर्ध्या मात्रेचं ठेवा, त्यामुळे पुढचा ठोका कुठे पडणार याचा अंदाज येतो.

वन्समोअर आला तर? तिथे एका आवर्तनाची क्लिप फिरती ठेवा आणि पुढच्या भागाची कळ वादकाच्या पायाखाली द्या. कळ दाबल्यावर भाग कुठल्या मात्रेला सुरू व्हावा हे ठरवणारं लाँच क्वांटायझेशन एका बारवर असलं की पाय जरा आधी पडला तरी पुढचा भाग समेवरच उचलला जातो. रूपक असेल तर सेटची मात्रागणना सातवर घ्यायला विसरू नका, नाहीतर भाग भलत्याच मात्रेला सुरू होईल.

२०२१च्या लाइव्ह ११मध्ये माइकवरून ठोके ऐकून लय जुळवणारा 'टेम्पो फॉलोअर' आला. सरळ ठेक्याला तो वापरून पाहावा. तोड्यात मात्र मी त्याच्यावर विसंबणार नाही. ढोलकीवाला मात्रा सोडून आडवा जातो तेव्हा पेटीवाला सम येणार म्हणून लय धरून बसतो. ठोक्यामागे धावणाऱ्या यंत्राला तो भरवसा कुठून येणार?

हे सगळं करायचं तर तालीम हवी, आणि आजकाल ट्रॅक आदल्या रात्री फोनवर येतो. म्हणून खुल्या अधिवेशनापुढे मी ठराव मांडतो. ॲरेंजरने ट्रॅक एकाच आरंभबिंदूपासूनच्या सुट्या फायलींत आणि लयीच्या नकाशासह द्यावा. प्रयोगात वाजवणाऱ्या वादकासोबत किमान एक तालीम करारात लिहावी, तिचं मानधन सगळ्यांना मिळावं. आणि लॅपटॉपवर बसणाऱ्याचं नाव निवेदकाने वादकांच्या यादीत घ्यावं. ढोलकीवादकांपैकी कुणीतरी या ठरावाला अनुमोदन द्यावं, अशी माझी विनंती आहे.