पंचवीस डॉलर, शंभर रुपये आणि तीन पासबुकं

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल इथे अंताक्षरी रंगली, उद्या पाककृती स्पर्धा आहे. मध्येच कर्जावर बोलायला उभा राहणारा माणूस किती प्रिय होणार, याची मला कल्पना आहे. पण हैदराबादेत तीसेक वर्षं हिशेब खात्यात काढल्यावर दुसरं काही बोलता येत नाही.

इंटरनेटवरून गरजू माणसाला छोटं कर्ज द्यायचं, ते फिटलं की तेच पैसे पुढच्याला द्यायचे, असा हा प्रकार. अमेरिकेत २००५ साली मॅट फ्लॅनरी आणि जेसिका जॅकली यांनी 'किवा' सुरू केली. पहिली कर्जं युगांडातल्या टोरोरो गावच्या सात जणांना गेली. किमान रक्कम २५ डॉलर, देणाऱ्याला व्याज नाही, फक्त मुद्दल परत. पुढच्याच वर्षी महंमद युनूस आणि ग्रामीण बँकेला नोबेल मिळालं. आपल्याकडे २००८ मध्ये स्मिता राम आणि रामकृष्ण यांनी 'रंग दे' काढलं, ते अगदी शंभर रुपयांपासून.

मी २००९ मध्ये अशाच एका संकेतस्थळावर पाच हजार रुपये टाकले. पाच जणींना हजार-हजार. कोणाला शिवणयंत्र, कोणाला शेळ्या, एकीला बांगड्यांचं दुकान. त्यातली एक नांदेडकडची निघाली म्हणून सौ.ना विशेष आनंद. दर महिन्याला चाळीस-पन्नास रुपये जमा झाल्याची ई-मेल यायची आणि आम्ही ती पगाराच्या चिठ्ठीसारखी वाचायचो. एकीची म्हैस मेली आणि तिचे शेवटचे काही हप्ते आलेच नाहीत. बाकी सगळं आलं, ते पुन्हा फिरवलं.

लोक विचारतात, सरळ दान का देत नाही? देतो की. पण दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, कर्ज घेणारा समोर बसून हिशेब मागू शकतो. आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या भिशी चालवतात, तिथे उपकाराची भाषा नसते. मला ते आवडतं.

आता आतली व्यवस्था ऐका. पडद्यावर फोटो दिसतो, त्या बाईच्या हातात आपण पैसे ठेवत नाही. पैसे स्थानिक संस्थेकडे जातात. किवाच्या बाबतीत तर बहुतेक वेळा कर्ज आधीच दिलेलं असतं, आपली रक्कम संस्थेची तिजोरी भरून काढते. यात लबाडी नाही, शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी पैसे हवेत, आपल्याला ई-मेल उघडायला सवड होईपर्यंत तो थांबणार कसा? पण आपण व्याज घेत नाही म्हणून तिला व्याज पडत नाही, असं मात्र समजू नका. स्थानिक संस्थेला घरोघर माणूस पाठवावा लागतो, त्याचा खर्च व्याजातूनच निघतो.

ते किती, हे मला आमच्या स्वयंपाकघरात कळलं. २०१० चा पावसाळा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या तेलुगू बाई एके दिवशी तीन पासबुकं घेऊन आल्या. इंग्रजीत होती. "सार, यात काय लिहिलंय ते फक्त वाचून सांगा," म्हणाल्या. पैसे मागितले नाहीत.

पहिलं कर्ज नवऱ्याच्या चहाच्या टपरीसाठी, दहा हजारांचं. व्याज 'साडेबारा टक्के' लिहिलेलं. पन्नास आठवडे, दर आठवड्याला सव्वादोनशे. म्हणजे फेड अकरा हजार अडीचशे. पण मुद्दल तर दर आठवड्याला कमी होत जातं, सरासरी पाच हजारच त्यांच्याकडे राहतं. खरा दर पंचवीसच्या जवळ. तरीही गल्लीतल्या रोजवाल्यापेक्षा स्वस्त, हेही सांगायला हवं. तो नऊशे हातावर ठेवतो आणि शंभर दिवस रोज दहा रुपये नेतो. त्याचा वर्षाचा दर ऐंशीच्या आसपास येतो.

दुसरं कर्ज पहिल्याचे हप्ते भरायला. तिसरं मुलीच्या लग्नाला. तिन्हींचा मिळून आठवड्याचा हप्ता ७१५ रुपये, आणि चार घरची कमाई महिन्याला २,४००. तिन्ही संस्थांनी त्यांचा फोटो काढला होता, तिन्हींत त्या हसत होत्या. हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या जणींना भरावा लागतो, म्हणून शेजारणीच दारात येऊन बसत. साहेबाची भीती नव्हती, शेजारणींची लाज होती.

त्या ऑगस्टमध्ये या धंद्यातल्या एका मोठ्या कंपनीचे शेअर बाजारात आले होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या एकत्र आंध्र प्रदेश सरकारनं अध्यादेश काढला: हप्ता महिन्यानं, तोही सार्वजनिक जागी. वसुली जवळजवळ थांबली. आमच्या बाईंनी मात्र टपरीचं कर्ज पूर्ण फेडलं. "त्यांच्यामुळे टपरी उभी राहिली," म्हणाल्या. उरलेल्या दोन पासबुकांचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर कर्ज देणं मी थांबवलं नाही, पण फोटो बघणं थांबवलं. आता मी दर बघतो, आणि तो घटत्या मुद्दलावर आहे का ते बघतो. हप्ता महिन्याचा आहे का, तिच्या डोक्यावर आधीचं काही आहे का, हे विचारतो. उत्तर न देणाऱ्या संस्थेला पैसे देत नाही. नियमही बदलले. परस्पर कर्ज देणाऱ्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये नियम केले. एका माणसाला आपण ५० हजारांवर देऊ शकत नाही. कर्ज बुडालं तर तोटा देणाऱ्याचा, हे २०२४ मध्ये आणखी स्पष्ट झालं. मायक्रोफायनान्समध्ये घराच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक हप्ते नसावेत, हे बंधन २०२२ पासून आहे. आमच्या बाईंच्या वेळी असतं तर तिसरं पासबुक उघडलंच नसतं.

हिशेबाची वही बरोबर आणली आहे. कोणाला बघायची असेल तर आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाशी भेटा. पॅन क्रमांक लागतो. आणि हो, हे दान नव्हे, त्यामुळे ८०जीची सूट मिळत नाही. आमच्या हिशेब खात्यातल्या मंडळींचा पहिला प्रश्न तोच असणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो.