सामाईक पेटी, सामाईक छप्पर

पुढच्या रविवारी हा गाळा रिकामा करावयाचा आहे. लेगोच्या प्लास्टिकच्या विटा जोडून पूल, आगगाड्या, गावे उभारणाऱ्या लहानथोरांच्या आपल्या मंडळाला तो 'भाडेकरू मिळेपर्यंत' वापरावयास मिळाला होता. भाडेकरू मिळाला. मालकाने शब्द मोडलेला नाही. तेव्हा प्रश्न त्याच्या सज्जनपणाचा नाही.

जमिनीचे मोल मालकाच्या श्रमाने नव्हे, तर समाजाच्या वावराने वाढते, हे हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्येच मांडले होते. या ओसाड गाळ्यापुढे वर्दळ सुरू झाली ती आपल्या मुलांमुळे. तिचे मोल मात्र भाड्याच्या रूपाने मालकाच्या पदरी पडणार.

महागड्या खेळण्याचा कैवार समाजवाद्याने का घ्यावा, असे काही मित्र विचारतात. ही वीट कष्टकऱ्याच्या आवाक्याबाहेरची आहे, हे खरेच. परंतु आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा ९१ कोटींहून अधिक प्रकारे जुळतात. पेटी सामाईक असली, की ज्याच्या घरी एकही वीट नाही त्या मुलालाही ही श्रीमंती लाभते. आणि सामाईक पेटीला सामाईक छप्पर हवे.

ते उपकार म्हणून नको. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा नगरपालिकांच्या कार्यकक्षेत आल्या आहेत. पालिकेच्या शाळेतील एक वर्ग दर रविवारी मिळावा, असा अर्ज मी लिहून आणला आहे. आधी त्यावर सह्या करा. मग विटा आवरू.