पाखऱ्याचा एकच हंगाम

आजचा भाग थोडा वेगळा आहे. नोकरी, पगार, स्विच, एआय असलं काही नाही. आज एका बैलाबद्दल बोलणार आहे. कंटाळा येणार असेल तर आत्ताच पुढच्या एपिसोडवर जा, राग येणार नाही.

झालं असं की मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एका मित्राचा कुत्रा गेला. डॉबरमन होता, डॉग शोमधला चॅम्पियन. मित्राच्या घरी हॉलमध्ये एक अख्खं कपाट त्याच्या रिबिनींचं आणि कपांचं आहे. कागदपत्रं इतकी व्यवस्थित की कुत्र्याचा बाप कोण, आजा कोण, पणजा कोण, सगळं लिहिलेलं. मला माझ्या पणजोबांचं नाव विचारलं तर मी अडखळीन. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो फोनवर एकामागून एक फोटो दाखवत होता. मग मला म्हणाला, "तुमच्या घरी होतं का रे असं कोणी?"

मी म्हटलं, होता. पण कुत्रा नव्हता, बैल होता. चॅम्पियन होता.

तो आधी हसला. मग म्हणाला, फोटो दाखव. आणि माझ्याकडे दाखवायला फोटोच नव्हता. एक व्हिडिओ आहे फक्त, त्याबद्दल नंतर सांगतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. कपाशी, तूर, सोयाबीन. बैलाचं नाव पाखऱ्या. अंगानं पांढरा, मानेकडे राखाडी झाक, शिंगं आखूड. वर्धा-नागपूरकडे गवळाऊ नावाची जात आहे, चालायला हलकी आणि चपळ. त्याचं रक्त त्याच्यात होतं असं बाबा म्हणायचे. कागद अर्थातच नव्हता. बाबांनी त्याला बाजारातून गोऱ्हा असताना आणला, तेव्हा तो दोन दातांवर आला होता. जोडीला मोत्या. तो थोडा मोठा, शांत, आणि खरं सांगायचं तर थोडा आळशी.

आता पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगतो. तुमच्याकडे बैलगाडा शर्यत, घाट वगैरे असतो. आमच्या विदर्भात शंकरपट. सरळ पट्टी, हलकी छकडी, तिच्यावर एक धुरकरी, आणि घड्याळ. किती सेकंद लागले एवढाच हिशोब. पिकं घरात आली की हिवाळ्यात पट सुरू होतात. जत्राच असते. लाऊडस्पीकर, भजी, रसवंती, आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंनी माणसं. आमच्या भागातला मानाचा पट म्हणजे तळेगाव दशासरचा, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. तिथे बायासुद्धा धुरकरी म्हणून छकडीवर उभ्या राहतात. तिथे जोडी उतरवायची हे बाबांचं स्वप्न होतं. स्वप्न म्हणजे ते असं कधी बोलले नाहीत. पण तळेगावचं नाव निघालं की ते तंबाखू मळायचे थांबायचे.

2013-14 चा हिवाळा. मी अकरावीत होतो. पाखऱ्या चारदाती. त्या हंगामात आमची जोडी आजूबाजूच्या गावांतल्या नऊ पटांत पळाली आणि सहा ठिकाणी आपल्या गटात पहिली आली. बाबांची एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची. त्यात प्रत्येक पटाची नोंद: गाव, तारीख, सेकंद, बक्षीस. सेकंद दोन दशांशांपर्यंत लिहिलेले, ८.४२, ८.१७ असे. माझे बाबा आठवी शिकलेले. मी आज लॉग फाइल्स बघून पगार घेतो, पण त्या वहीइतकी स्वच्छ लॉग फाइल मी पाहिलेली नाही.

बाबांचा एक नियम होता. पटावर त्यांच्या बैलाच्या अंगाला लोखंड लागायचं नाही. तुतारी म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी, ती छकडीवर न्यायचीच नाही. म्हणायचे, "धावला तं आपल्या मर्जीनं धावला पायजे. खुपसून धावला तं तो काय त्याचा नंबर हाय?"

आता ऐका. सातवा पट होता. आधीच्या पटात मोत्या सुटायला उशीर लागला म्हणून आमचा पहिला नंबर थोडक्यात हुकला होता. धुरकरी भाड्याचा होता, म्हणजे पटापुरता बोलावलेला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोट्ट्या, एक बारीक खिळा ठोकून दे काठीले. तुह्या बापाले सांगू नको." आणि मी ठोकून दिला. सायकलच्या दुकानातून दोन रुपयांचा खिळा आणला, दगडावर टोक घासलं, ठोकला. मला पहिला नंबर पाहिजे होता. गावातली पोरं मला पाखऱ्यावाला म्हणायला लागली होती, त्याची चटक लागली होती.

पहिला नंबर आला. संध्याकाळी कोठ्यात बाबांनी कंदिलासारखा मोबाइलचा टॉर्च धरला आणि पाखऱ्याच्या शेपटीच्या बुडाशी हात फिरवला. रक्त सुकलं होतं. मोत्याला नव्हतं, पाखऱ्यालाच होतं. हळू सुटायचा मोत्या, आणि टोचला पाखऱ्याला. बाबा काही बोलले नाहीत. हळद आणि तेल लावलं. त्या धुरकऱ्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. काठी कुणी तयार केली हे त्यांनी मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आज अकरा-बारा वर्षं झाली.

त्यानंतर दोन पट झाले आणि हंगाम संपला. पुढच्या संक्रांतीला तळेगाव असं ठरलं.

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. जल्लीकट्टूवर बंदी, आणि त्याच निकालात महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही. गावात त्या दिवसांत सगळी चर्चा लोकसभेच्या निकालाची, कोण किती जागा घेणार याची. बाबांना दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "हे तमिळनाडूचं हाय ना?" मी म्हटलं, आपलंही आहे.

काही ठिकाणी लोक चोरून पट भरवायचे. बाबा गेले नाहीत. केस झाली तर पोराच्या शिक्षणाचं काय, असं आई म्हणायची, आणि ते ऐकायचे.

लाल वहीत पुढचं पान जून 2014 चं आहे. त्यावर बियाण्याच्या बॅगा, डीएपी, फवारणीची मजुरी.

2015 ला मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. फीसाठी जोडीतला एक बैल विकायचा ठरला. पटाच्या बैलाला बंदीआधी जो भाव यायचा तो गेला होता, आता फक्त औताचा भाव. त्यातच त्या वर्षी राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि म्हातारं जनावर घ्यायला बाजारात कुणी पुढे येईना. घेणाऱ्याला पाखऱ्या पाहिजे होता. बाबांनी मोत्या दिला. कमी पैशात दिला. उरलेले पैसे मामांकडून आणले, हे मला थर्ड इयरला कळलं.

आणि पाखऱ्या औताला जुंपला गेला. सहा पहिले नंबर घेतलेला बैल कपाशीत डवरा ओढायला लागला. सुट्टीत घरी गेलो की मी बघायचो. नवीन जोडीदाराच्या पुढे अर्धं पाऊल असायचा कायम, त्यामुळे जू तिरकं व्हायचं आणि तास वाकडं पडायचं. बाबा वैतागायचे आणि मग स्वतःच हसायचे.

हॉस्टेलमध्ये एकदा डिबेटसाठी मी तो निकाल वाचून काढला. मोठा आहे, पण वाचा कधीतरी. त्यात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांबद्दल लिहिलंय: भूक-तहान नसणं, गैरसोय नसणं, वेदना-जखम-आजार नसणं, भीती नसणं, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागता येणं. वेदना-जखम वाचताना मला दोन रुपयांचा खिळा आठवला. शेवटचं वाचताना आठवलं की पाखऱ्याला कासरा सोडला की तो शेतातून घरापर्यंत विनाकारण पळत यायचा, कुणी सांगितलेलं नसताना. आता यातलं काय खरं धरायचं? बंदी आली म्हणून तो वर्षातून काही वेळा आठ सेकंद पळायचा वाचला, आणि त्याऐवजी दिवसदिवसभर जुवाखाली गेला. औताला बंदी नाही. औत ओढताना कुणी घड्याळ लावत नाही की व्हिडिओ काढत नाही. डिबेटमध्ये मी बंदीच्या बाजूनं बोललो आणि जिंकलो. घरी सांगितलं नाही. मला वाटतं निकाल लिहिणाऱ्यांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं, मी स्वतः त्याचा पुरावा आहे. पण बाबांच्या नियमासाठी त्यात जागा नव्हती.

व्हिडिओबद्दल सांगतो म्हटलं होतं. चुलतभावाच्या जुन्या नोकियावर काढलेला आहे, थ्रीजीपी फाइल, चौदा सेकंद. पहिले चार सेकंद कुणाची तरी पाठ दिसते. मग एक पांढरा ठिपका डावीकडून उजवीकडे जातो आणि माणसं ओरडतात. तो ठिपका म्हणजे पाखऱ्या. मी एआय वापरून तो मोठा करून बघितला. एआयनं त्याला घोडा केला, आयाळसुद्धा दिली. आता पटाला ड्रोन असतात, स्लो मोशन असतं, बैलांची इन्स्टावर पेजेस आहेत, हजारोंनी फॉलोअर. पाखऱ्याचा जमाना पाच-सात वर्षांनी चुकला.

16 डिसेंबर 2021. सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली, अटींसह. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहिजे, काठी-चाबूक चालणार नाही. पुढे 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. पण आमच्या घरी खरी ती डिसेंबरची तारीख. मी कोविडमुळे घरूनच काम करत होतो. व्हॉट्सॲपवर मेसेज आला, मी मीटिंग म्यूट करून कोठ्याकडे गेलो. बाबा पाखऱ्याला कुटार टाकत होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कायले?" आणि टाकत राहिले. पाखऱ्या तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. गुडघे सुजलेले.

तरी फेब्रुवारीच्या शेवटी जवळच्या गावात पट भरला तेव्हा बाबा म्हणाले, त्याले घेऊन जाऊ. पळवायला नाही, पाहायला. छोटा हत्ती केला, हजार रुपये. आईनं झूल काढून दिली, पोळ्याची. मला मनातून लाज वाटत होती, लोक काय म्हणतील, रिटायर बैलाला शर्यत दाखवायला आणलं. पण पाच-सहा म्हातारी माणसं आली, पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून बाबांशी जुने सेकंद बोलत बसली. त्यातल्या एकाला ८.१७ आठवत होतं. वही न बघता.

आणि पाखऱ्या? तो पट्टीकडे पाठ करून उभा राहिला. शेण टाकलं. कुटार खाल्लं. समोरून जोड्या सुटत होत्या, माणसं ओरडत होती, यानं मान वर केली नाही. बाबा सारखे म्हणत होते, "थांब, आता ओळखते." एकदा सुटण्याचा भोंगा वाजला तेव्हा त्याचे कान हलले. बाबा आजही म्हणतात, तेव्हा त्यानं ओळखलं. मी म्हणतो, माशी बसली होती.

त्या वर्षी पुढे लम्पी आला. बाजार बंद, गावात लसीकरण. शेजाऱ्यांचा एक बैल गेला, चांगला तरणा. पाखऱ्या वाचला. गेला तो 2023 च्या ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या काही आठवडे आधी, नुसत्या म्हातारपणानं. तीन दिवस बसून होता. डॉक्टर सलाईन लावून गेले, आणि जाताना बाबांना म्हणाले की आता उठवायचा हट्ट करू नका. मी पुण्यात होतो. आईनं व्हिडिओ कॉल केला, शेतात रेंज नसते, चित्र अडकलं. शेवटचा दिसला तोही पांढरा ठिपकाच.

धुऱ्यावर बाभळीखाली जेसीबीनं खड्डा केला, पोतंभर मीठ टाकलं. बाबांनी कानातला पिवळा टॅग काढून घेतला, तो सरकारी, बारा आकडी नंबरचा. तेवढा एकच कागदोपत्री पुरावा की असा एक बैल होता. तो टॅग लाल वहीत ठेवलाय, 2014 च्या पानात.

मित्राला हे सगळं सांगितलं, खिळ्याचं सोडून. ते आज पहिल्यांदा बोलतोय. बाबा पॉडकास्ट ऐकत नाहीत, त्यांना वाटतं मी फोनवर एकटाच बोलत बसतो. पण चुलतभाऊ प्रत्येक भाग ऐकतो आणि त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. म्हणजे आज रात्रीपर्यंत घरून फोन येणार हे नक्की. काय होतं ते पुढच्या भागात सांगतो, सांगण्यासारखं असलं तर.

तुमच्याकडे असं कुणी होतं का? बैल, कुत्रा, कोंबडा, काहीही. व्हॉइस नोट पाठवा. फोटो नसला तरी चालेल.