आडनावातले वतन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



भीमेच्या काठी, शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर वडगाव रासाई आहे. महाराष्ट्रात वडगावे अनेक. म्हणून एकाला मावळ, दुसऱ्याला शेरी, तिसऱ्याला रासाई अशी ओळख जोडावी लागली. माणसांच्या आडनावांचेही तसेच झाले. कोणी गावावरून ओळखला गेला, कोणी कामावरून. ही साधी ओळख पुढे मानाची वा अवमानाची खूण कशी झाली, हा खरा प्रश्न आहे.

‘पाटील’ हेच आडनाव पाहावे. जुन्या ताम्रपटांत गावच्या अधिकाऱ्यासाठी ‘पट्टकिल’ हा शब्द येतो. त्यावरून मराठीत पाटील आणि गुजरातीत पटेल झाले. बेळगाव-विजापूरच्या कन्नड मुलखातही पाटील आहेत. मराठा, आगरी, कोळी, लिंगायत, जैन, मुसलमान या सर्वांत हे आडनाव आढळते. वस्तुतः ते रक्ताचे नसून हुद्द्याचे नाव आहे. जर्मनीतील ‘शुल्ट्स’ हे आडनावही गावप्रमुखाच्या हुद्द्यावरूनच आले. देणी वसूल करवणारा, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. सारा गोळा करणाऱ्या पाटलाचा तो दूरचा भाऊबंदच म्हणावा लागेल! कुलकर्णीही मराठीत आहेत तसे कन्नडमध्ये आहेत. आणि तेलुगू गावातला हिशेबनीस ‘करणम’ म्हणून ओळखला जाई.

परंतु आपल्याकडे हुद्दा वतन झाला, आणि वतन वंशपरंपरेने चालले. त्याच गावगाड्यात लोहार, कुंभार, सुतार ही कामाचीच नावे होती. मात्र वरच्या कामाचे नाव भूषण ठरले आणि खालच्या कामाचे नाव जन्माची पायरी ठरले. महार वतनातील वेठबिगार मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, ते याच व्यवस्थेविरुद्ध.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने हे वतन मोडले. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने गेली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने गेली आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद संपले. पोलीसपाटील आज नेमणुकीने होतो. ते पद स्त्रियाही सांभाळतात. कायद्यातून वतन गेले, मनातून मात्र गेले नाही. अनोळखी माणसाला नाव विचारून न थांबता आडनाव विचारले जाते, तेव्हा विचारणारा बहुधा जात शोधत असतो.

१९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत पेरियारांच्या अनुयायांनी जातवाचक उपपदे टाकून दिली. ते पाऊल मोठेच होते. तथापि केवळ नाव टाकल्याने जमीन, पाणी आणि पंचायतीतील खुर्ची यांची वाटणी बदलत नाही. आडनाव राहिले तरी चालेल. त्याच्या आधाराने मिळणारा अग्रमान राहता कामा नये. सभेत प्रथम कोण बोलतो, सतरंजी कोण उचलतो आणि उमेदवारी कोणाच्या घरात जाते, याचा हिशेब प्रत्येक शाखेने मांडावा. गावाला समतेचा उपदेश करण्यापूर्वी तो हिशेब चुकता झाला पाहिजे.